बुधवारी उतरणारी नदी

"एक बावीस!"

पुलाखालून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं. मी पुलावर कर्जतच्या एसटीची वाट बघत उभी होते. कठड्यावरून वाकून बघितलं. पेज नदीच्या कडेला, गुडघाभर पाण्यात, पॅन्टचे पाय दुमडून एक तरुण उभा होता. समोर सिमेंटच्या खांबावर काळ्या-पांढऱ्या रंगाची, मीटर-सेंटिमीटरची उभी मोजपट्टी. आसपास दुसरं कुणीच नाही.

"कुणाला सांगताय?" मी वरून विचारलं.

त्यानं मान वर केली, ऊन डोळ्यांवर आलं म्हणून हात आडवा धरला. "मलाच. खोलीपर्यंत जाईस्तवर इसरतो मी. ओरडलं की ध्यानात राहतं."

"मग मीही ठेवते ध्यानात. एक बावीस."

"ठेवा. पण सरकारी आकडा हाय, कुणाला देऊ नका."

तो हसला आणि पाणी तुडवत काठाकडे निघाला. वर चढताना निम्म्या वाटेत थांबून त्यानं पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"किती म्हणालो?"

"एक बावीस," मी म्हटलं. तो खरंच विसरला होता की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

तेवढ्यात एसटी आली. मी चढले नाही. त्या दिवशी मला नेमकी आकड्यांचीच गरज होती.

शहाऐंशी सालचा मे महिना. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मुंबईच्या हॉस्टेलवरून कर्जतला घरी आले होते. शेवटच्या वर्षासाठी मी डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग हा नवा विषय घेतला होता, आणि आमच्या सरांनी सुट्टीतच त्याचं काम दिलं होतं. सिग्नल म्हणजे काळाबरोबर बदलणारी कुठलीही गोष्ट : आवाज, हवेची उष्णता, नाडीचे ठोके. ती सारखी बघत बसता येत नाही. म्हणून ठराविक अंतरानं तिचे नमुने घ्यायचे, आकडे लिहायचे आणि आकड्यांवरून ती गोष्ट ओळखायची. सरांची अट अशी की आकडे पुस्तकातले नकोत. आपापल्या गावातून, खऱ्या वस्तूचे, निदान ऐंशी नमुने आणा. मैत्रिणींनी वर्तमानपत्रातलं तापमान उतरवून घेतलं होतं. मी मामाच्या गावाहून परत निघाले होते, आणि पुलाखाली एक माणूस रोज एक नमुना घेत होता.

मी उतार उतरून त्याच्या खोलीपाशी गेले. एक खोली, पुढं पडवी, दारावर पाण्याच्या मोजणीच्या ऑफिसची पाटी.

"आकडे देणार नाही म्हणालात. पण मला हवे आहेत. ऐंशी."

"ऐंशी?" त्यानं मला बसायला पाट दिला. "लोक पाणी मागाय येतात. आकडे मागणाऱ्या तुमीच पहिल्या. साहेबांची चिठ्ठी आणा, मग रजिस्टर उघडतो. तुमचं नाव?"

"विशाखा. कर्जतच्या धर्माजी पॉइंट्समनची मुलगी."

"मी नागसेन. आई नागू म्हणते. तुमी..." तो जरा थबकला. "तुमी नागसेनच म्हणा, मॅडम."

"मी मॅडम नाही. अजून वर्ष आहे इंजिनिअर व्हायला."

"मग वर्षभर सराव होईल मला."

ऑफिसचे साहेब दत्तोपंत बाबांच्या ओळखीचे होते. निवृत्तीला आलेले, करडे. चिठ्ठी देताना एवढंच म्हणाले, "अभ्यासाला देतोय. काय निघालं ते मला दाखवायचं."

नंतरच्या चार दुपारी मी पडवीत बसून आकडे उतरवून घेतले. नागसेन वाचायचा, मी लिहायची. दर आकड्यानंतर तो माझं पेन थांबायची वाट बघायचा, आणि पेन थांबल्यावरही थोडा जास्तच थांबायचा... मला ते कळत होतं. मी पेन हळू चालवायला लागले होते, हेही खरं.

त्याचं शिक्षण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वडील गेले तेव्हा सुटलं होतं. ही नोकरी हंगामी. दर सहा महिन्यांनी मुदतवाढ, या वेळची तारीख एकतीस मे. पण त्याचे प्रश्न अर्धवट नसायचे.

"रोज एकदाच बघून नदी कळते व्हय?" त्यानं विचारलं.

"ती किती वेगानं बदलते त्यावर आहे. जो सगळ्यात जलद बदल असेल, त्याच्या एका फेऱ्यात निदान दोनदा बघायला हवं. कमी वेळा बघितलं तर नुसतं अपुरं कळत नाही, चुकीचं कळतं. नसलेली लाट दिसायला लागते."

"म्हंजे दिवसातून एकदा बघणाऱ्याला..."

"दिवसाच्या आत नदी काय करते ते माहीत नसतं."

"मला हाय की माहीत. बाकीचा वेळ मी नदीतच असतो."

"मी रजिस्टरबद्दल बोलतेय."

"रजिस्टरला नसंल. मला इचारा."

त्यानं रजिस्टर मिटलं, हनुवटी त्यावर टेकवली आणि म्हणाला, "आणि माणूस? माणूस कळायला किती वेळा भेटावं लागतं?"

"त्याचं मन किती वेगानं बदलतं त्यावर."

"माझं बदलत नाय."

"मग एकदा भेटलं तरी पुरे."

"तसं नाय," तो घाईनं म्हणाला. "हिशेब पुन्हा करा..."

पाच फेब्रुवारी ते एकोणतीस एप्रिल, असे चौऱ्याऐंशी आकडे घेऊन मी घरी आले. बरोबर बारा आठवडे. ग्राफपेपरवर टिंबं मांडली आणि चकित झाले. पावसाचा थेंब नसलेल्या महिन्यांत नदी सावकाश चढत होती आणि एका दिवसात झपकन उतरत होती. पुन्हा चढ, पुन्हा उतार. करवतीच्या दातांसारखं. सात-सात दिवसांची सरासरी काढली तर दात पार नाहीसे होत होते आणि रेघ सपाट यायची. मग कॅल्क्युलेटर घेऊन बसले. आकड्यांत कुठल्या लांबीच्या लाटा दडल्यात ते काढायची रीत असते. संगणकाला क्षणभर लागतो, हातानं तीन दिवस लागले. उत्तर स्वच्छ होतं : बारा आठवड्यांत बारा फेऱ्या. टोक मंगळवारी, घसरण बुधवारी.

सबंध विषयातलं एवढं सुंदर उत्तर माझ्या हातून पहिल्यांदाच निघालं होतं. मी तशीच ऑफिसात गेले आणि दत्तोपंतांपुढं कागद पसरला.

"सात दिवसांचा फेरा?" त्यांनी चष्मा वर केला. "उन्हाळ्यात?"

"हो ना साहेब. आणि गंमत म्हणजे नदीला वार कळत नाहीत. सात दिवसांचा फेरा निसर्गात नसतो. तो माणसाचाच."

"माणसाचा," ते म्हणाले. कागद त्यांनी ठेवून घेतला. मी खुशीत घरी आले. 'माणसाचा' म्हटल्यावर तो माणूस कोण, हा प्रश्न मला पडला नाही. त्यांना पडला.

आठ दिवसांनी चिठ्ठी परत द्यायला गेले तेव्हा दत्तोपंत स्वतः उठून उभे राहिले. "शाबास. वर्षभर आम्हांला जे दिसलं नाही ते तुम्ही दाखवलंत. तो मुलगा दर मंगळवारी आठवड्याचे कागद द्यायला इथं येतो. आदल्या दिवसापर्यंतचे आकडे घरी बसून चढत्या भाजणीनं भरत असणार. नोटीस गेली आहे त्याला."

"मी... असं म्हटलं नव्हतं," एवढंच म्हणाले.

"तुम्ही आकडे दिलेत. अर्थ आम्ही लावला."

पण अर्थही मीच लावला होता. अर्धा.

नागसेन पडवीत बसला होता. मला बघून उठला नाही. नोटीस समोर केली. आकडे बनावट असल्याचा संशय, खुलासा करावा, अन्यथा एकतीस मेनंतर मुदतवाढ मिळणार नाही. कशावरून संशय, ते लिहिलेलं नव्हतं.

"नोकरी गेली तर दुसरी बघीन," तो म्हणाला. "पण खोटारडा म्हणून गेली तर दुसरी देईल कोण? आईला अजून सांगितलं नाय. कोणी सांगितलं असंल साहेबांना, तेच कळंना."

"मी."

तो बघतच राहिला. मी सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

"तुमी चार दुपारी इथं बसलात," तो अखेर म्हणाला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "एकदा तरी मला इचारायचं."

"हो."

"मी म्हणालो व्हतो तुमाला. मला इचारा म्हणून."

"हो. आता विचारते." मी आलेखाची प्रत काढली. "हे असं का होतं?"

त्यानं कागद घेतला नाही. मी तो पडवीत त्याच्यासमोर ठेवला. बऱ्याच वेळानं त्यानं तिरप्या नजरेनं बघितलं. मग जवळ ओढला.

"हे दात कसले?"

"दर मंगळवारी वर, बुधवारी खाली."

"बुधवारी..." त्यानं एका दातावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर. एकदम उठला, आत गेला आणि गजराचं घड्याळ घेऊन आला. पाठीवर पांढऱ्या रंगात ऑफिसचा नंबर.

"हे रोज धा मिनटं मागं पडतं. मंगळवारी कागद घेऊन जातो तवा पिशवीत घालून नेतो आणि ऑफिसातल्या घड्याळाबरोबर लावून आणतो."

"आणि रीडिंग?"

"ह्याच्यात आठ वाजले की. तसा हुकूमच हाय. सरकारी घड्याळात सकाळी आठ. घड्याळ लावायचं ते ऑफिसात, कागद देण्याच्या दिवशी. दुसऱ्या कुणाच्या मनगटी घड्याळावर घेतलेलं रीडिंग मंजूर नाय."

"म्हणजे बुधवारी तुम्ही खरोखर आठच्या सुमाराला उतरता, आणि मंगळवारी..."

"नवाच्या पुढं. मला वाटलं, तासाभरानं काय बिघडतं?"

आम्ही दोघांनी एकदमच नदीकडे बघितलं.

"पण तुम्हांला माहीत आहे," मी म्हटलं, "तासाभरात काय बिघडतं ते."

"वीजघराचं पाणी," तो म्हणाला. "पहाटे वरती वीजघर चालू होतं. सोडलेलं पाणी इथं येतं आठाला, आणि तवापासनं दीड तास चढत राहतं. कपडे धुणाऱ्या बायकांनाबी ठावं हाय हे." त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आणि मी रोज जरा-जरा उशिरा जाऊन ते चढतं पाणी मोजत राहिलो!"

एवढे दिवस मी जे शोधत होते ते गणितात नव्हतं. ते एका घड्याळात होतं, आणि ते सांगणारा माणूस माझ्यासमोर बसून आकडे वाचत होता.

"घड्याळ मागं पडतं हे ऑफिसला सांगितलं होतं?"

"तोंडी सांगितलं. म्हणाले लेखी द्या. जानेवारीच्या सतराला लेखी दिलं. उत्तर आलं नाय."

"सोमवारी सकाळी सातला मी येते," मी म्हटलं. "माझं घड्याळ घेऊन. दहा-दहा मिनिटांनी मोजू."

"का? तुमचा अभ्यास तर झालाय."

"चुकीचा झालाय."

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला.

सोमवारी मी सातच्या आधीच पोचले. नागसेन पाण्यात, मी काठावरच्या दगडावर मांडीवर वही घेऊन. दर दहा मिनिटांनी मी "आता" म्हणायची, तो आकडा सांगायचा. पहिला तासभर आकडा हललाच नाही : एक शून्य आठ, एक शून्य आठ. दोघंही कामापुरतं बोलत होतो. पलीकडच्या खडकावर गावातली सोनुबाई गोधडी धूत होती. तिनं बराच वेळ बघितलं आणि मग राहवेना तिला.

"काय रं नागू, आज पाणी मोजाय दोन-दोन माणसं? सरकारनं वाढवून दिली काय?"

"सोनूमावशी, धुणं आटप. आठ वाजता तुझा दगड बुडतो."

"मला शिकवतो व्हय? तू जन्माय आला नव्हतास तवापासनं बुडतोय." मग माझ्याकडे वळून, "बाय, तू त्याच्याकडं बघू नकोस, घड्याळाकडं बघ. नायतर आकडा चुकंल."

मी खाली बघितलं. मान वर केली तेव्हा नागसेन मोजपट्टीकडे टक लावून होता आणि त्याचे कान लाल झाले होते. चार दिवसांत पहिल्यांदा माझा जीव जरा भांड्यात पडला.

आठ झाले. "आता," मी म्हटलं.

"एक शून्य नऊ."

आठ दहा, एक तेरा. आठ वीस, एक अठरा. पाणी त्याच्या मांडीवर चढत होतं आणि आकडे माझ्या वहीत. काठावर ठेवलेल्या सरकारी घड्याळात आठ वाजले तेव्हा माझ्या घड्याळात दोन मिनिटं कमी नऊ होते.

"एक पस्तीस," तो म्हणाला. मग उलटा वळला. "मागच्या सोमवारी किती होतं?"

मी शेजारी ठेवलेल्या रजिस्टरची पानं चाळली. "एक पस्तीस."

"त्याच्या मागच्या?"

"एक चौतीस."

तो पाण्यातच उभा राहून हसायला लागला. मी काठावर हसत होते. सोनुबाई म्हणाली, "आकड्यावर हसणारी माणसं पहिल्यांदा बघितली," आणि गोधडी पिळायला लागली.

दुपारी पडवीत बसून आम्ही जुने चौऱ्याऐंशी आकडे पुन्हा मांडले. या वेळी तारखेप्रमाणे नाही. घड्याळ त्या दिवशी जितकं मागं पडलं असेल तितकी मिनिटं मिळवून, खऱ्या वेळेप्रमाणे. तो मिनिटं सांगत होता, मी टिंब काढत होते. करवतीचे दात एकेक करून गळून पडले. बारा आठवड्यांतली सगळी टिंबं एकाच चढत्या रेघेवर येऊन बसली — आज सकाळी आम्ही मोजलेल्या रेघेवर.

"घड्याळ चांगलं असतं," मी म्हटलं, "तर चौऱ्याऐंशी वेळा एकच आकडा आला असता. नदी सकाळी चढते हे रजिस्टरला कधी कळलंच नसतं. बिघडलेल्या घड्याळामुळं जास्त कळलं."

"तुमच्या सरांना सांगा."

"सांगणारच आहे. पण आधी दत्तोपंतांना."

"मी येतो," तो म्हणाला. "माझ्याबद्दलचं बोलणं या वेळी माझ्यासमोर होऊ दे."

मंगळवारी आम्ही दोघं ऑफिसात गेलो. दत्तोपंतांनी कागद पुढं ओढला.

"एका सकाळच्या मोजणीवर तुम्ही बारा आठवडे खरे ठरवता?"

"नाही साहेब. उलट विचार करा. हे आकडे घरी बसून रचायचे तर रचणाऱ्याला नदीचा सकाळचा चढ मिनिटागणिक पाठ हवा, घड्याळ कुठल्या दिवशी किती मागं होतं तेही हवं, आणि चौऱ्याऐंशी दिवस एकदाही चुकून चालणार नाही. त्यापेक्षा पाण्यात उतरणं सोपं."

दत्तोपंतांच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग ते नागसेनकडे वळले. "घड्याळ मागं पडत होतं तर कळवलं का नाही?"

"सतरा जानेवारी, साहेब. लेखी."

कारकुनानं फाइल आणली. अर्ज होता. तारखेचा शिक्का होता. त्याखाली शेरा नव्हता.

दत्तोपंतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. एवढ्या वयाच्या माणसाला एवढ्या तरुण माणसापुढं अवघडलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"चूक आमची आहे," ते म्हणाले. "नोटीस मागं घेतो. मुदतवाढ आजच सही करतो." त्यांनी सही केली, कागद नागसेनच्या हातात दिला, आणि मला म्हणाले, "तुमचं गणित पहिल्यापासून बरोबर होतं, बाई. घाई आपण दोघांनी केली."

बाहेर आलो. ऑफिसासमोर आंब्याच्या झाडाखाली चहाची गाडी होती. नागसेननं दोन चहा सांगितले. कप हातात धरून आम्ही उभे राहिलो. बोलायला आता काहीच कारण उरलं नव्हतं, त्यामुळे बोलणं फार अवघड झालं.

"अजून रागावलायत?" मी विचारलं.

"थोडा." त्यानं चहावर फुंकर घातली. "पुढच्या वेळी माझ्याबद्दल काय कळलं, तर आधी मला सांगायचं."

"पुढच्या वेळी?"

"म्हंजे... पुढची वेळ येईल असं धरून चाललोय मी." कप तसाच राहिला. "विशाखा, मला सरळ बोलता येतं तेवढंच बोलतो. माझी नोकरी सहा महिन्यांची. तुझं शिक्षण वर्षभराचं. एवढ्यावर कुणाच्या दारात जाऊन मागणी घालता येत नाय. पण मन माझं ठरलंय. ते तुला आधी सांगितलं, म्हंजे उद्या दुसऱ्याकडनं कळाय नको."

त्यानं मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"माझ्याबद्दलही एक कळलंय मला," मी म्हटलं. "तेही तुला आधीच सांगते. त्या पहिल्या शुक्रवारी पुलावर माझी एसटी आली होती. मी मुद्दाम चढले नाही."

"आकड्यांसाठी?"

"मला तसंच वाटलं होतं... तेव्हा."

तो चहा प्यायला विसरला. चहावाल्यानं दोनदा कप मागितला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वतःच विषय काढला. आई भाकरी थापत होती, हात थांबवून म्हणाली, "अगं, इंजिनिअर होणार तू, आणि तो पाण्यात उभा राहतो?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "पावसाळ्यात गं?" मी म्हटलं, "पावसाळ्यातही." तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि बाबांकडे बघितलं.

बाबांचं आयुष्य रुळांचे सांधे बदलण्यात गेलं होतं. एका सांध्याच्या चुकीनं काय होतं ते त्यांना पक्कं माहीत. त्यांनी शिक्षण विचारलं नाही, नोकरी विचारली नाही.

"माणूस खरा हाय?" एवढंच विचारलं.

"खरा आहे, बाबा," मी म्हटलं. "आधी मी स्वतःच त्याला खोटं ठरवलं होतं. मग एकेक दिवस तपासला... चौऱ्याऐंशी दिवस."

बाबांनी मान हलवली. "मग रविवारी जेवायला बोलाव त्याला."